अनघाकडची झाकणवाटी

आमच्या रविवारच्या चहाला कुणी नवीन माणूस आला की तो आधी सारखं घड्याळ बघतो, आणि मग केव्हातरी घड्याळ बघायचं विसरून जातो. ऊलाँग या चिनी चहाचं तसंच आहे. पानं एकदाच टाकायची आणि त्यांच्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतत राहायचं. प्रत्येक पाण्याची चव निराळी. पहिल्या पाण्याला दुपार असते, शेवटच्या पाण्यापर्यंत समोरच्या बदामाच्या झाडावर ऊन तिरपं झालेलं असतं. मधल्या वेळात माणसं करणार काय? बोलणार. मग किस्से साठत जातात, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. एक ओढायला जावं तर मागून चार बाहेर येतात.

आम्ही जमतो ते डोंबिवली पूर्वेला, अनघाच्या गॅलरीत. अनघा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत प्लास्टिकच्या डब्यांचे साचे डिझाइन करते. मी तिथेच अकाउंट्सला होते, तेव्हापासूनची आमची मैत्री. तिच्या सासूबाई माई, लग्न होऊन देवगडला गेलेल्या आणि तिथून इथे आलेल्या. तळमजल्यावरचे कांबळे सर, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. आणि जगदीश म्हात्रे, दिव्याजवळच्या गावातला. तो या गॅलरीचं ग्रिल बसवायला आलेला, एक कप चहाला थांबला तो थांबलाच. अनघाचा नवरा महेश चहा पीत नाही. तो आत झोपतो, त्यामुळे त्याचा एकही किस्सा नाही.

*

सुरुवात चीनमध्ये झाली. कंपनीने अनघाला तिथल्या एका वर्कशॉपमध्ये साचा तपासायला पाठवलेलं. डब्याचं झाकण एका बाजूला मुरडत होतं. कारागीर साचा घासायचे, पुन्हा बसवायचे, झाकण पुन्हा वाकडं. हे चालू असताना वर्कशॉपचे प्रमुख, लिन नावाचे वयस्कर गृहस्थ, अनघाला आपल्या खोलीत घेऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुभाषी मुलगी खाली मशीनजवळ अडकलेली. लिन मास्तरांनी चहा केला.

कप केवढा, तर आपल्या देवघरातल्या वाटीएवढा. अनघाने तो संपवला. त्यांनी लगेच भरला. तिने पुन्हा संपवला, त्यांनी पुन्हा भरला. समोर वाढलेलं टाकायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. पाहुण्याचा कप रिकामा ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. किटली रिकामी झाली, दुसरी आली. अनघाच्या पोटात नुसतं डुचमळत होतं, पण तोंडावर हसू.

शेवटी दुभाषी मुलगी वर आली. लिन मास्तर तिच्याशी घाईघाईने काहीतरी बोलले. ती अनघाला म्हणाली, "मॅडम, नको असेल तर कप भरलेला तसाच ठेवायचा असतो. तुम्ही कृपा करून थांबा. त्यांना मघापासून बाथरूमला जायचंय."

दुसऱ्या दिवशी झाकण सरळ आलं. निघताना मास्तरांनी तिला ऊलाँगचा डबा दिला आणि एक पांढरी, झाकण असलेली वाटी. पानं तिच्यात भिजवायची आणि झाकण जरासं तिरकं धरून चहा ओतायचा. तिचं चिनी नाव अनघाने सांगितलेलं, पण पहिल्याच दिवशी माई तिला झाकणवाटी म्हणाल्या आणि तेच राहिलं.

*

त्या डब्यातली पानं म्हणजे हिरव्या-काळ्या घट्ट गोळ्या. मिरीपेक्षा थोड्या मोठ्या. अनघा ऑफिसला गेलेली असताना माईंच्या भिशीतल्या बायका आल्या. नेहमीचा चहा संपलेला. माईंनी हा डबा उघडला, हुंगला, आणि माणशी एक चमचा या हिशोबाने गोळ्या पातेल्यात टाकल्या. आलं, साखर, दूध, सगळं रीतसर. वर झाकण ठेवून बाहेर गप्पांना बसल्या.

आत गोळ्या उलगडायला लागल्या. ऊलाँगचं पान अख्खं असतं, देठासकट. एकेका गोळीतून पान निघालं, पानाला जोडलेलं दुसरं निघालं. माई चहा गाळायला आत गेल्या तर पातेल्यावरचं झाकण वर उचललेलं आणि कडेने पानं बाहेर डोकावतायत.

संध्याकाळी अनघा घरी आली तेव्हा माई ओट्याशी शांत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अनघा, तुझ्या चहाची भाजी झाली गं."

अनघाने पातेलं बघितलं. तळाशी थोडा दुधाळ चहा उरलेला, तो कपात ओतून प्यायली. कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "माई, वाईट नाहीये." पुढच्या रविवारी तिने माईंना शेजारी बसवलं आणि झाकणवाटी त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून चहा माईच ओततात. अनघापेक्षा त्यांचा हात स्थिर आहे.

*

माईंचे मोठे दीर अण्णा देवगडहून आले होते, तो रविवारच होता. आम्ही गॅलरीत खाली चटईवर बसलेलो. अण्णा येऊन मांडी घालून बसले. माईंनी इवलासा कप त्यांच्यासमोर ठेवला. अण्णांनी कप उचलला, फुंकर घातली, चहा उजव्या तळहातावर घेतला, प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

आम्ही हसू दाबत आपापल्या कपांकडे बघायला लागलो. माई तर मोठ्या दिरांना काय सांगणार? दुसरं पाणी आलं. अण्णांनी पुन्हा तळहात पुढे केला, पुन्हा डोक्यावरून हात. जगदीश त्या दिवशी तिसऱ्यांदाच आलेला. त्याला वाटलं हीच पद्धत. त्यानेही केलं.

असं बराच वेळ चाललं. ऊन सरकत सरकत अण्णांच्या गुडघ्यावर आलं. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, चेहरा इतका शांत की सगळ्यांचंच हसू विरून गेलं. शेवटी ते माईंकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे पूजा फार सावकाश चालते. बरं वाटतं. पण प्रसाद कधी?"

माई उठल्या आणि शिरा करायला आत गेल्या.

*

जगदीशने नंतर खऱ्या पद्धती शिकून घेतल्या. त्यातली एक त्याला फारच आवडली. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची. त्याचा अर्थ धन्यवाद. तोंडाने बोलायचं नाही, चालू असलेलं बोलणं तुटत नाही.

त्याला ही सवय लागली. माजिवड्याला त्याचं एका बिल्डिंगच्या रेलिंगचं काम चालू होतं, तिथल्या टपरीवर तो चहाला गेला. टपरीवाल्याने ग्लास भरला. जगदीशने दोन बोटं फळीवर आपटली.

टपरीवाला म्हणाला, "दिलाय ना शेठ. घाई कसली?"

जगदीश म्हणाला, "घाई नाय. मी थँक्यू बोललो."

"कधी बोललात?"

"आता. बोटांनी."

टपरीवाल्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मग पुढचा ग्लास भरायला लागला. पण रोज तेच. अखेर एक दिवस काम संपलं, जगदीशने त्याला सांगितलं की उद्यापासून मी नाय, आता कल्याणला काम. टपरीवाल्याने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि फळीवर दोन बोटं आपटली.

जगदीश म्हणतो, मग मी आणखी एक ग्लास घेतला.

*

कांबळे सरांचा किस्सा मी त्यांच्या परवानगीने सांगते.

वाटी गरम झाली की तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वास धरतो. चहा ओतण्याआधी ते झाकण एकेकाने हुंगायचं, हा आमचा आवडता भाग. झाकण सगळ्यांत आधी सरांकडे जायचं. सर चष्मा वर करून, डोळे मिटून हुंगायचे आणि सांगायचे, "आज चाफ्याच्या जवळ आहे." किंवा, "आज भाजलेल्या धान्याकडे झुकलाय." सरांनी सांगितलं की आम्हालाही तसाच वास यायचा. वर्गात असल्यासारखं आम्ही मान डोलवायचो.

एका रविवारी माई कप गरम करून घेत होत्या. त्यासाठी आधी नुसतं गरम पाणी कपात ओततात आणि फेकून देतात. चहाची पानं अजून वाटीत पडलीच नव्हती. सरांचा कप गडद मातीचा, आतलं काही दिसत नाही. सर जगदीशशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी कप उचलला, नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "वा. आज फुलांचा वास जास्त आहे."

माईंच्या हातात पानांचा चमचा तसाच. सरांनी तो पाहिला. मग कपात पाहिलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तेवढाच आवाज.

सर म्हणाले, "मला वास येत नाही. मागे तो ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच येत नाही. सुमनच्या साड्यांचं कपाट उघडतो, तिथेही नाही." सुमन म्हणजे त्यांची बायको. त्या तापात त्या गेल्या, सर वाचले. हे आम्हाला माहीत होतं. वासाचं माहीत नव्हतं.

"मग सर, चाफा?" अनघाने हळूच विचारलं.

"आठवणीतून सांगायचो. तुम्ही माना डोलवायचात. मला वाटायचं, बरोबर येतंय."

जगदीश पुढे सरकला. मग त्याने माईंकडून चमचा घेतला, पानं वाटीत टाकली, पाणी ओतलं, झाकण उचलून हुंगलं आणि म्हणाला, "सर, मी सांगतो. लिहून घ्या. लहानपणी आम्ही मिठागरावर जायचो. संध्याकाळी वारा पडला की बांधावरच्या गवताचा वास यायचा, गरम गवत. तसा हाय. पण त्याच्यात कोणीतरी लांब खीर करतंय."

सरांनी डोळे मिटले. खूप वेळाने म्हणाले, "खिरीत वेलची आहे?"

जगदीशने पुन्हा हुंगलं. "नाय. वेलची नाय."

"हां," सर म्हणाले. "आता आला."

तेव्हापासून झाकण सरांकडे सगळ्यांत शेवटी जातं. आधी आम्ही एकेक जण सांगतो. नुसतं "छान आहे" म्हटलेलं चालत नाही, सर मार्क कापतात.

*

जगदीशच्या गावात घराघरांत टँकरचं पाणी. पण त्यांच्या वाड्याच्या मागे आजोबांनी खणलेली विहीर होती. ती बुजवून तिथे बिल्डिंग करायचं काकांनी ठरवलं. जगदीशचा वाटा लहान, त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. एका रविवारी तो विहिरीच्या पाण्याचा छोटा कॅन घेऊन दोन जिने चढून आला. दम खात म्हणाला, "आज याच्यात करा, माई. पुढच्या आठवड्यात मशीन येणार."

माईंनी पाणी गाळलं, उकळलं. आम्ही सगळे जरा गंभीर होऊन बसलो. पहिलं पाणी ओतलं. रंग नेहमीपेक्षा काळपट. मी घोट घेतला आणि अनघाकडे बघितलं. अनघाने सरांकडे बघितलं. सर कपात बघत होते.

जगदीश एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "कसा हाय?"

माई म्हणाल्या, "खारट आहे रे, बाबा."

मला वाटलं त्याला वाईट वाटेल. तो हसायला लागला. "हायच खारट. खाडीच्या बाजूची विहीर. आमच्या गावान चहा असाच लागायचा. म्हातारी त्याच्यात गूळ घालायची, तरी खारटच."

आम्ही एकेक कप कसाबसा संपवला आणि भरलेला कप तसाच ठेवायची चिनी पद्धत वापरली. जगदीश एकटा पीत राहिला. दुसरं पाणी, तिसरं पाणी. चहाचा रंग फिका होत गेला, नंतर कपात नुसतंच विहिरीचं पाणी उरलं असावं. तो ते सावकाश पीत होता, प्रत्येक वेळी माईंनी ओतलं की चटईवर दोन बोटं आपटत. कॅन रिकामा होईपर्यंत कुणीच उठलं नाही.

*

माझाही एक आहे, लहानसा. वागळे इस्टेटच्या ऑफिसात माझे दिवस वाईट चाललेले. नवीन साहेब सगळ्यांसमोर बोलायचा. मी राजीनामा मोबाइलवर टाइप करून ठेवलेला, पाठवायची हिंमत होत नव्हती. घरी नवऱ्याला काही बोलले नव्हते. त्या रविवारी अनघाकडे गेले ते हे सगळं सांगायचंच ठरवून.

माई पाणी ओतत होत्या. पांढऱ्या वाटीत गोळ्या हलायला लागल्या. मी एका गोळीकडे बघत बसले. तिचं एक टोक सुटलं, मग एक कड. म्हटलं हे पान पूर्ण उघडलं की बोलायला सुरुवात करू. पान अगदी हळू उघडत होतं.

जाग आली तेव्हा मी ग्रिलला डोकं टेकून होते. अंगावर माईंची शाल. उन्हाची तिरीप माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून कांबळे सर पेपर आडवा धरून बसलेले, आणि तोच पेपर मागच्या बाजूने वाचत होते. कुणी काही विचारलं नाही. माझ्यासमोरचा कप गरम होता. अनघाने नंतर सांगितलं, प्रत्येक पाण्याला माई माझ्या कपात ओतायच्या आणि गार झालं की कुंडीत टाकायच्या. म्हणायच्या, "उठली तर गरम हवा."

मी चहा प्यायले आणि राजीनामा पाठवला. तिथेच, त्यांच्यासमोर. सरांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "झोप झाली?"

आता मी डोंबिवलीतच एका लहान ऑफिसात आहे. साहेब कमी बोलतो.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगितला की लोक मला कारण विचारतात.

लिन मास्तर आणि अनघा यांचं अधूनमधून व्हिडिओ कॉलवर चालायचं. बोलणं असं नाहीच. ते तिकडे चहा करायचे, ती इकडे करायची, कप दाखवायचे, हसायचे, बंद. मध्ये बरेच महिने त्यांचा फोन आला नव्हता. मग एका रविवारी आम्ही जमायच्या आधीच तो वाजला. मीच त्या दिवशी लवकर पोचलेले. अनघा चहाबरोबर फुटाणे आणायला खालच्या वाण्याकडे निघालेली. तिने फोन माईंसमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. म्हणाली, "माई, जरा बघा, मी आलेच."

मी आत आणखी पाणी उकळत ठेवायला गेले. स्वयंपाकघरातून मला माईंचा आवाज येत होता. त्या मराठीत बोलत होत्या, देवगडच्या सुरात, अगदी सावकाश. मग मास्तर त्यांच्या भाषेत बोलायचे. मग बराच वेळ कुणीच नाही, नुसता पाणी ओतल्याचा आवाज, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. मी दाराशी येऊन बघितलं. माईंनी झाकणवाटी धरलेली. फोनमध्ये लिन मास्तर, त्यांच्याही हातात तशीच वाटी. मास्तर बोलत होते आणि माई मान हलवत होत्या, शेजारणीचं ऐकावं तशा. मला मध्ये जावंसं वाटलं नाही.

अनघा परत आली, कांबळे सर आले, जगदीश आला. तिघेही दाराशीच थांबले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मास्तरांनी रिकामा कप उपडा ठेवला, माईंनी हात जोडले, आणि फोन बंद झाला.

अनघा म्हणाली, "माई, काय एवढं बोलत होतात?"

"काही नाही गं," माई वाटीतली पानं काढत म्हणाल्या. "त्याची बायको गेली. लेक शहरात बोलावते, तर हा जात नाही. बायकोने लावलेली झाडं आहेत दारात. त्यांना पाणी कोण घालणार म्हणतो."

"माई, त्यांना मराठी येत नाही."

"मला कुठे त्याची भाषा येते?" माई म्हणाल्या आणि ताजी पानं घ्यायला उठल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कांबळे सर म्हणाले, चेहऱ्यावरून काही कळलं असेल, बाकी कल्पना. आम्हालाही तसंच वाटलं. तरी अनघाने त्या दुभाषी मुलीला मेसेज केला, सहज, मास्तर कसे आहेत म्हणून. उत्तर दोन दिवसांनी आलं. मास्तरांच्या पत्नी पावसाळ्यात वारल्या. मास्तर काम सोडून घरीच असतात. त्यांच्या लेकीने न्यायचा खूप प्रयत्न केला, ते तयार नव्हते. पण परवा अचानक त्यांनी दारातल्या कुंड्यांमधली झाडं एकेक करून शेजाऱ्यांकडे नेऊन दिली, एक कुंडी तेवढी मांडीवर घेतली आणि लेकीच्या गाडीत जाऊन बसले. शेवटी दुभाषी मुलीने विचारलं होतं, तुमच्याशी त्यांचं काही बोलणं झालं होतं का?

पुढच्या रविवारी अनघाने तो मेसेज आम्हा सगळ्यांना वाचून दाखवला. माई पहिलं पाणी ओतत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

अनघा म्हणाली, "माई, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

माईंनी झाकण थोडं तिरकं केलं, सगळ्यांचे कप भरले, शेवटी स्वतःचा भरला.

"ते आमच्या दोघांतलं आहे," त्या म्हणाल्या.